आ कर

चाळीस वर्षं मी दातांचा डॉक्टर होतो. तोंडाला वास येतो म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसणाऱ्या पेशंटांना मी चांगलाच झापायचो. वास म्हणजे तोंडाची तक्रार, ती अंगावर काढू नका, हे हजारदा सांगितलं असेल. आणि आमच्या ढब्ब्याच्या तोंडाला वास यायला लागला, तेव्हा मी काय केलं? त्याचं अंथरूण माझ्या पलंगाजवळून उचललं आणि गॅलरीत नेऊन टाकलं. म्हातारा झालाय, वास येणारच, म्हटलं.

ढब्ब्या आमचा कुत्रा, वय तेरा. खरं तर बायकोचा. दर रविवारी ती त्याला "आ कर" म्हणायची, तो जबडा उघडायचा आणि ती त्याचे दात घासायची. माझी प्रॅक्टिस बुडवणार ही, असं मी चिडवायचो. तिला जाऊन दीड वर्ष झालं. त्याचा ब्रश अजून माझ्या ब्रशशेजारी मगात आहे. टाकवत नाही, हातातही घेववत नाही. मुलगी लांब असते, फोनवर जेवलात का एवढं विचारते. दिवसभर बोलायला ढब्ब्याच.

मग तो एकाच बाजूने चावायला लागला. माणूस असता तर मी दारातच ओळखलं असतं. इथे मात्र मोठ्या शहाणपणाने त्याचं खाणं भिजवून दिलं. शेवटी त्याच्या पाण्यात रक्त दिसलं, तेव्हा डोळे उघडले.

जनावरांची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने ओठ उचलून टॉर्च मारला. शेवटच्या दाढेमागे हिरडीवर अक्रोडाएवढी काळी गाठ होती. जबड्याखालीही सूज होती. तिने सुईने नमुना घेतला, छातीचा एक्स-रे काढला. दोन दिवसांनी गेलो, तर तिने आधी मला खुर्चीत बसवलं. मीही लोकांना असंच बसवायचो, त्यामुळे पुढचं कळलंच. कॅन्सर फुफ्फुसापर्यंत गेला होता. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता, फक्त दुखणं कमी ठेवायचं.

"आधी आणला असता तर?" मी विचारलं.

"गाठ लहान असताना जबड्याच्या हाडाचा तेवढा भाग काढता येतो, काका. कुत्री त्यानंतरही छान जेवतात. वास कधीपासून येतोय?"

"चार महिने झाले."

तारीखसुद्धा सांगता आली असती. अंथरूण गॅलरीत नेलं तो दिवस. तुम्ही काय करता, असं तिने सहज विचारलं. रिटायर झालोय, एवढंच म्हणालो. पुढचं सांगायची लाज वाटली.

घरी येऊन अंथरूण पुन्हा पलंगाशी आणलं आणि मी खालीच बसलो. माझ्या तोंडाला वास येतो का, हे सांगण्याइतकं जवळ आता मलाही कुणी नाही. ढब्ब्या आला आणि त्याने माझा गाल चाटला. वास भयंकर होता. मी तसाच बसून राहिलो.

"आ कर रे राजा," मी म्हटलं.

त्याने लगेच जबडा उघडला. चार महिन्यांपूर्वी म्हटलं असतं, तर तेव्हाही उघडला असता.