शिकवणीची म्हातारी

एरवी डॉक्टरांच्या दारात म्हाताऱ्यांची रांग असते. त्या वर्गात मात्र म्हातारी खुर्चीवर बसायची आणि डॉक्टर रांगेने यायचे. वयस्कर माणसांची जुनाट दुखणी आणि त्यावरच्या अफूच्या जातीच्या कडक गोळ्या कशा हाताळायच्या, हे शिकवायला इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी वर्ग काढला होता. पेशंट म्हणून कुणीतरी बसायला हवं होतं. म्हातारीचे मणके जन्मभर धुलाईखान्यात ओल्या चादरी उपसून झिजलेले, आणि गोळ्याही त्याच चालू. विचारल्यावर ती हो म्हणाली.

"म्हातारपणी नाटकात काम मिळालं गं वहिनी तुला," नणंद म्हणाली. "आता तोंडाला रंग फास."

"तू आधी मान सरळ धर. भांग वाकडा होतोय."

नवरे गेल्यापासून दोघी एकत्र राहत. नणंदेचे हात थरथरायचे, म्हणून तिची वेणी वहिनीच घालायची. गुडघे वाकत नसल्याने नणंद उंच स्टुलावर बसे आणि वहिनी मागे उभी राही. गोळी घेतली की तेवढं उभं राहणं जमायचं. म्हातारीला त्या गोळीकडून हवं होतं ते एवढंच.

वर्गात तिला सोंग दिलं होतं गोळ्या वाढवून मागणाऱ्या कांगावखोर बाईचं. पहिल्या दिवशी ती पोपटासारखी बोलली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, लिहून दिलेलं सोडा. तुमचं स्वतःचं सांगा."

मग तिने सांगितलं. "पाठीत कुणीतरी ओला पिळा आवळतं, डॉक्टर, आणि सोडतच नाही. उजाडलं की आधी मनात येतं, उठायचं कशाला."

वर्गात टाळ्या पडल्या.

"भुलायचं नाही आणि झिडकारायचंही नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत. आधी विचारायचं, तुम्हाला काय करता यायला हवं?"

एका हसऱ्या डॉक्टरने तो प्रश्न इतक्या मायेने विचारला की म्हातारीचे डोळे भरून आले. पण चारचौघांत वेणीचं काय सांगायचं? लिहून दिलेलंच ती बोलली, "बागेत फिरायचंय." हसऱ्या डॉक्टरची पाठ थोपटली गेली.

पुढे तिच्या नेहमीच्या डॉक्टरांची बदली झाली आणि त्यांच्या खुर्चीत हाच हसरा येऊन बसला. म्हातारीला हायसं वाटलं. आपलाच माणूस, याला नव्याने काय सांगायचं? त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन ती ताठ चालत आत गेली.

"अरे, आजी! आज कुठलं सोंग?"

"आज माझी मीच आलेय. गोळ्या आहेत तशाच राहू द्या, डॉक्टर."

"निम्म्या करू या. या वयात झोक जातो, पडाल बिडाल."

"नाही हो निभायचं. पाठीत कुणीतरी ओला पिळा..."

डॉक्टर खळखळून हसला. "आवळतं आणि सोडतच नाही. आजी, यावर मीही टाळ्या वाजवल्यात."

"खरंच आहे हो ते."

"म्हणून तर तुमचं काम एवढं छान होतं."

"वर्गात तर बाईंनी हळूहळू कमी करायचं शिकवलं होतं."

"ज्यांना सोसवत नाही त्यांचं हळूहळू. तुम्ही तर कशा ठणठणीत चालत आलात. आणि बागेतच फिरायचं ना? निम्म्या गोळीवर आरामात होईल."

"बागेत नाही हो, नणंदेची वेणी..."

पण त्याने निम्म्या गोळ्या लिहून पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली होती.

आठवड्याभरात एका सकाळी म्हातारीचा हात वेणीवरून सुटला आणि भिंतीला टेकला. पाठीतला पिळा इतका आवळला की उभं राहवेना. ती तशीच खाटेवर बसली. नणंदेने अर्धवट वेणी थरथरत्या मुठीत धरून ठेवली.

"डॉक्टर म्हणाला काय गं शेवटी?"

"काम छान करते म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या वर्गालाही बोलावलंय."

"आणि तू जाणार? मेल्यांच्या तोंडावर फेकून ये ते काम."

"जाते बाई," म्हातारी म्हणाली. "तिथे निदान ऐकून तरी घेतात."