बाटली हलवायची नाही

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सोफे, कपाटं केव्हाच विकली गेली होती. प्लास्टिक गुंडाळलेल्या काही खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर स्थिरगुरुजी बसले होते. मागे भिंतभर फळ्या, फळ्यांवर औषधाच्या चाळीसएक बाटल्या. त्यांना कुणाचा धक्का लागू नये म्हणून समोर दोरी बांधलेली. गुरुजी पैशाला हात लावत नसत; त्यासाठी दाराशी पेटी होती.

त्यांच्या पुढ्यात पाच वर्षांची एक मुलगी आजीच्या मांडीवर बसली होती. तिला फिट्स यायच्या हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. एरवी ही पोर एका जागी टिकायची नाही. आज मात्र हूं नाही की चूं नाही.

"बघा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. ते हळू बोलत म्हणून सगळे पुढे झुकत, आणि झुकलेला माणूस आधीच अर्धा पटलेला असतो. "डॉक्टरांचं औषध सोडा असं मी म्हणतो का? कधीच नाही. औषध चांगलंच असतं हो, पण धक्के खाऊन खाऊन ते पिसाळतं. एक रात्र माझ्या फळीवर निवांत ठेवा. घरी नेताना पोटाशी धरून न्या. बाटली हलवायची नाही. वरचं निवळ तेवढं अलगद काढून द्यायचं. पहिले दिवस परीक्षेचे असतात. चौदाव्या दिवशी शांतता उतरते. काय आजी, उतरली की नाही?"

"उतरली," आजी म्हणाली.

मागे दाराजवळ ग्रॅमबाई उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या तीस वर्षं माणसागणिक औषध बनवून देत होत्या आणि सगळं ग्रॅममध्ये मोजत होत्या, म्हणून गल्लीनं हे नाव पाडलं होतं. घरी आमटीत मीठसुद्धा तराजूवर मोजून घालतात अशी अफवा होती. ती खोटी होती. त्या चमचाच वापरायच्या, फक्त तो सपाट करून घ्यायच्या. आजीनं त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. औषध तुमच्याच हातचं, मग चमत्कार बघायला तुम्ही नको का, असं म्हणाली होती.

ग्रॅमबाईंनी चमत्कार नीट निरखून बघितला. मुलीची मान ठरत नव्हती. डोळे उघडे होते, पण बुबुळं आपोआप डावीउजवीकडे उडत होती. अंगात फिट्सचं हे औषध जास्त झालं की मूल असंच दिसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि औषध त्यांनीच बनवलं होतं.

त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. "आजी, हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या."

"काय अभद्र बोलताय? दोन वर्षांत पहिल्यांदा पोर शांत बसलीय."

"ती बसलेली नाही. तुम्ही धरलीय म्हणून बसलीय. हात जरा सैल करून बघा."

आजीनं रागारागानंच हात सैल केला, तशी मुलगी एका बाजूला कलंडली.

मुलीचा बाप बस चालवायचा, आणि बोलायचा कमी. त्यानं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. "हलवू नका तिला," गुरुजी मागून म्हणाले, "उतरलेलं सगळं जाईल." बाप दारात थबकला. तेवढं थबकणं ग्रॅमबाईंना पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. मग तो निघाला.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. औषधाचं प्रमाण हवं त्याच्या दुपटीच्याही वर होतं. डॉक्टरीणबाई ग्रॅमबाईंना चांगल्या ओळखत होत्या, म्हणून त्यांनी आडवळणानं विचारलं नाही. "मुलगी वाचेल. आणखी दोन दिवस गेले असते तर मी हे म्हटलं नसतं. पण बाटली तुमची आहे. मात्रा चुकली का?"

"बघते," ग्रॅमबाई म्हणाल्या. चुकली नाही असं त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दुकानात येऊन त्यांनी नोंदवही उघडली. बाजारात हे औषध पातळ मिळतं, पण लाल रंगाचं, आणि त्या रंगानं या मुलीच्या अंगावर गांधी उठायच्या. गोळ्या मिळतात त्या मोठ्या माणसांच्या. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लिहून द्यायचं आणि ग्रॅमबाईंनी या एकाच मुलीसाठी औषध बनवायचं, असं ठरलं होतं. मुलीचं वजन सोळा किलो. त्या हिशेबानं गोळ्या मोजायच्या, खलात पिठासारख्या घोटायच्या, थोड्याशा द्रवात कालवून गुठळी मोडायची, मग मापाच्या नळीत रेघेपर्यंत पातळ करायचं. ना रंग, ना वास. शेवटी लेबल: नाव, मात्रा, कधीपर्यंत वापरायचं, आणि घेण्यापूर्वी बाटली हलवा.

वहीत सगळं बरोबर होतं. पण वही बरोबर आहे म्हणजे हातही बरोबर होता असं थोडंच आहे? घोटताना फोन वाजला होता का? गोळ्या जास्त पडल्या का? त्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मोजायला बसल्या. दोनदा मोजल्या. जुळल्या. तरी जीव थाऱ्यावर येईना. या हातांवर त्यांनी तीस वर्षं विश्वास ठेवला होता, आणि आता त्याच हातांकडे त्या संशयानं बघत होत्या.

संध्याकाळी बाप बाटली घेऊन आला. तळाशी दोन बोटं औषध होतं. ग्रॅमबाईंनी बाटली तिरकी केली. पातळ पदार्थ एका बाजूला सरकला आणि खाली पांढरा गाळ तसाच घट्ट बसून राहिला.

"पहिल्या आठवड्यात फिट्स आल्या होत्या?"

"तीन. एरवी महिन्यात एखादी. माझी आई म्हणाली, परीक्षा आहे, काढायची."

"बाटली हलवून देत होता ना?"

"हलवायचीच नव्हती ना," बाप म्हणाला.

"आणि लेबल?"

"वाचलं होतं. पण ते काय, सगळ्याच बाटल्यांवर असतं."

ग्रॅमबाई स्टुलावर बसल्या. आपल्या हातून चूक झाली नाही याचा त्यांना आधी आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

"गुरुजी सगळ्यांचीच औषधं ठेवून घेतात का हो?" त्यांनी विचारलं.

"छे. गोळ्या नाहीत. शेजारच्यांचं खोकल्याचं औषधही परत दिलं. म्हणाले, आरपार दिसतं त्यात शांतता धरत नाही. गढूळच आणा."

गढूळ औषधच तळाशी बसतं, आरपार दिसणारं बसत नाही. एखादा माणूस अडाणीपणानं चुकत असेल तर त्याला समजावून सांगता येतं. पण ज्याला गढूळ आणि आरपार यातला फरक कळतो, त्याला बाकीचंही सगळं कळत असतं.

दोन दिवसांनी पुन्हा गर्दी जमली तेव्हा ग्रॅमबाई काचेची एक बाटली घेऊन पुढे गेल्या. सोबत बाप आणि आजी होती. "ही आदल्या रात्रीपासून निवांत ठेवलीय," त्या म्हणाल्या, "तुमच्या पद्धतीनं. आत लाल खडूची पूड आणि पाणी, एवढंच." त्यांनी बिनसुईच्या सिरिंजनं वरचं पाणी काढलं आणि पांढऱ्या बशीत सोडलं. रंग जवळजवळ नव्हताच. "हा पहिला दिवस. औषध पोटात गेलंच नाही, म्हणून फिट्स आल्या. त्याला यांनी परीक्षा म्हटलं." मग सिरिंज तळाला टेकवली. बशीत लालभडक चिखल पडला. "हा चौदावा दिवस. चार चमच्यांचं औषध एका चमच्यात. त्यानं मूल गुंगतं. त्याला यांनी शांतता म्हटलं."

"तुमच्याकडे श्रद्धा कमी आहे," गुरुजी हळूच म्हणाले.

"असेल. मला एवढंच सांगा, आरपार दिसणारी औषधं तुम्ही परत का करता?"

गुरुजींनी ग्रॅमबाईंच्या हातातली बाटली मागून घेतली. ती उजेडासमोर धरली, तिरकी केली आणि खालून तळ बघितला. सवयीचा हात होता.

"अशी बाटली बघायला औषधाच्या दुकानात शिकवतात," ग्रॅमबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या दुकानात होतात?"

"बाहेर काढा या बाईला," गुरुजी ओरडले. त्यांचा हा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. पुढे झुकलेली माणसं मागे सरली.

एक बाई उठून म्हणाली, "पण माझ्याही मुलाला शांतता आलीय."

"घरी जाऊन त्याला सरळ रेषेत चालायला सांगा. झोकांड्या खाल्ल्या तर तसंच डॉक्टरकडे न्या."

ती बाई चप्पल घालायलाही थांबली नाही.

मग आजी दोरीपाशी आली. तिच्या हातात नातीची बाटली होती, तीच. "मीच धरून बसवली होती तिला," ती लोकांना म्हणाली. "पोरीची मान पडत होती आणि मी म्हणत होते, उतरली." तिनं बाटली हलवली, जोरजोरात, हात दुखेपर्यंत, आणि पांढरं औषध पुन्हा तळापासून वरपर्यंत एकसारखं झालं. ते आता कुणाला द्यायचं नव्हतं. तरी ती हलवतच राहिली.

एका म्हाताऱ्यानं दोरी सोडली. लोकांनी आपापल्या बाटल्या उचलल्या, आणि काही वेळ त्या दुकानात नुसता बाटल्या हलवण्याचा आवाज होता. गुरुजी मागच्या दारानं गेले. दुसऱ्या कुठल्या गल्लीत, दुसऱ्या कुठल्या नावानं, ते बसतीलच.

फळीवर सात बाटल्या उरल्या. चारांवर ग्रॅमबाईंच्याच अक्षरातली लेबलं होती. त्यांनी त्या चार घरी तिथूनच फोन केले. उरलेल्या तीन बाटल्यांची माणसं शोधायला आठवडा गेला, आणि एक सापडलंच नाही.

मुलगी घरी आली. आठ दिवस भिंत धरून चालली, मग भिंत सोडली.

ग्रॅमबाईंना मात्र एक गोष्ट सलत राहिली. बाटली हलवा असं त्यांनी तीस वर्षं लिहिलं, का ते एकदाही सांगितलं नाही. आणि त्यांनी मोकळी सोडलेली ती जागा गुरुजींनी भरून काढली. आता त्या औषध देताना बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देऊन हलवायला लावतात, आणि का हलवायची ते त्याच्याच तोंडून वदवून घेतात. रांग लांबते. लोक कुरकुरतात.

कुरकुर करा, पण विचारा. हे औषध कशाचं, किती, आणि असंच का घ्यायचं, हे देणाऱ्याला विचारा, मग तो डॉक्टर असो, दुकानदार असो की खुर्चीवर बसलेला कुणी असो. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हातून पाणीसुद्धा घेऊ नका.