बाळंतिणीच्या खोलीतलं झाड

वीतभर झाडासाठी पोटच्या बाळंतीण पोरीला खोलीबाहेर काढणारा माणूस अख्ख्या गोंदियात एकच होता, आणि तोच सुशिलाबाईंच्या कपाळी आला होता.

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली तरी रेल्वेचा एक गोरा साहेब गोंदियात चिकटून होता. एकोणपन्नासच्या पावसाळ्यात शेवटी तोही गेला आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. केशोराव धानाचे व्यापारी. बंगल्यावर तांदूळ, तूप, अंडी पोचवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. दर माघात साहेबाच्या मडमेच्या एका बुटक्या झाडाला फुलं आली की ती चार गोऱ्यांना चहाला बोलवायची. टेबलाच्या मधोमध झाड, भोवती कपबश्या. केशोराव तेव्हा मागच्या दाराशी अंड्यांची टोपली धरून उभे. आत या, असं त्यांना कोणी कधी म्हटलं नाही. लिलावात लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले. केशोरावांनी झाड घेतलं.

झाड आडूचं, साहेब लोक ज्याला पीच म्हणतात. पण खोड म्हाताऱ्याच्या बोटासारखं गाठाळ, फांद्यांना तार आवळलेली, आणि सगळा संसार चिनी मातीच्या एका उथळ ताटात. मडमेने ते कलकत्त्याहून आणलं होतं. त्याची निगा राखणारा माळी लिलावाआधीच आपल्या गावी गेला होता. त्याला गाठून दोन शब्द विचारावेत, एवढी अक्कल काही केशोरावांनी खर्चली नाही.

"औंदा माघात माह्या घरी चहा होईल," ते बाजारभर सांगत सुटले. "गिरणीवाले भैयाजी येतील. स्टेशनचा नवा साहेब येईल. टेबलावर झाड राहील."

मार्गशीर्षात थंडी पडली आणि झाडाची पानं गळायला लागली. बघता बघता नुसत्या काड्या उरल्या. केशोरावांचं तोंड असं झालं, जणू घरात कोणी दगावलंय. झाडासोबत लिलावातून आलेल्या खोक्यात एक विलायती मासिक होतं. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्र होतं. काचेचं घर, आत झाडंच झाडं, आणि कोपऱ्यात धडधडणारी लोखंडी शेगडी. झालं! यांना सगळी विद्या समजली.

घरात बिनवाऱ्याची खोली एकच. तिच्यात त्यांची लेक नंदा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सव्वा महिना व्हायचा होता. खाटेखाली मातीची गोरसी, धानाचा भुसा भरून धुमसत ठेवलेली, आणि त्या शेकावर नंदा आणि तिची तान्ही पोर.

"नंदाले वसरीत घे," केशोराव बायकोला म्हणाले. "पडदा लावून देतो."

"काऊन जी?"

"झाड ठेवाचं हाय आत. विलायती झाड हाय, थंडी बाधून राहिली त्याले."

सुशिलाबाई तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच हातात राहिलं. "काय बोलून राहिले तुमी, समजते का? ओली बाळंतीण हाय ते."

"तिले दुसरी गोरसी दे ना वसरीत. आपल्या बाया तर शेताच्या धुऱ्यावर बाळंत होत होत्या."

"मंग तुमचं झाड ठेवा ना धुऱ्यावर!"

"झाड नाजूक असते," केशोराव म्हणाले. "बायांचं तसं नसते."

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा घरचा रिवाज. पण खोलीतून बाळंतीणच काढली म्हणजे रिवाज मोडत नाही, असा या शहाण्याचा न्याय. नंदाची खाट वसरीत आली. आतली गोरसी आतच राहिली आणि तिच्याशेजारी पाटावर झाड बसलं.

वसरीत पडद्याखालून वारं शिरायचं. नवी गोरसी खाटेखाली धगधगायची, पण वाऱ्याने अंग गारच्या गार. नंदा लुगड्याच्या पदरात पोर गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडायची. पोरीचं नाक बंद झालं, मग छातीत घरघर सुरू झाली. आत मात्र उबेने झाडाला गोरसीच्या बाजूने दोन-चार फिक्कट कोंब फुटले.

"पाहा!" केशोराव नाचले. "फुटून राहिलं!"

नातीचं तोंड त्यांनी धड पाहिलं नव्हतं, पण कोंब पाहायला दिवसातून चारदा आत जायचे. अन् ते कोंबही कसले! कोमेजून काळे पडले. तेव्हा केशोरावांनी गोरसी झाडाला आणखी चिकटवली.

एका सकाळी पोरीने दूध ओढलं नाही. नंदा घाबरून रडायला लागली. सुशिलाबाई उठल्या. आत गेल्या, झाड ताटासकट उचललं आणि केशोरावांच्या नाकासमोरून परसात नेलं. विहिरीमागे शेणाचा उकिरडा होता, त्याच्याजवळ आदळलं. मग नंदाची खाट आत ओढली.

"मारलं तू त्याले!" केशोराव ओरडले.

"मेलं तर मेलं. माही नात तर जगंल."

ते तावातावाने उंबऱ्यापर्यंत आले. आत नंदा पोरीला छातीशी धरून बसली होती. आता आत पाऊल टाकायची सोय नव्हती. रिवाजाचे मोठे रखवालदार ना! उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी नुसतेच हात झाडले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण नवेगाव बांधाची मासोळी आली होती. झाड मेलंच असं त्यांनी ठरवलं आणि मेलेल्याचं तोंड पाहायला ते परसात फिरकले नाहीत. शेकाने आणि ओव्याच्या धुरीने पोरीची घरघर हळूहळू उतरली. ती पुन्हा हावऱ्यासारखी दूध ओढायला लागली, तेव्हा सुशिलाबाई खोलीच्या दाराशी बसून एकट्याच रडल्या.

झाडावर रोज दव पडायचं. भांडी घासणाऱ्या बाईच्या हातून खरकटं पाणी उडायचं. माघात एका सकाळी सुशिलाबाई शेणाची पाटी घेऊन गेल्या तर काय! गोरसीने जळालेली बाजू कोळशासारखी काळी, आणि दुसऱ्या बाजूला उघड्या काड्यांवर गुलाबी फुलंच फुलं.

केशोराव धोतर सावरत धावले. चहाची बोलावणी त्याच दिवशी गेली.

मंडळी आली. झाड टेबलावर, जळकी बाजू भिंतीकडे वळवलेली. आत तान्ही पोर रडत होती, तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही.

"थंडीभर पोटच्या लेकरावानी जपलं," केशोराव सांगत होते. "गोरसी देली, शेक देला, तवा फुललं."

सुशिलाबाई कपबश्या घेऊन आल्या होत्या. "लबाड बोलून राहिले," त्या भर बैठकीत म्हणाल्या. "शेक देला ते बाजू जळली. पाहा फिरवून. उकिरड्यापाशी थंडीत फेकलं मी, तवा फुललं."

मग गिरणीवाले भैयाजी पोट धरून हसले. "वाह! भाभीजी मजाक बढिया करती हैं!" स्टेशनचा साहेबही हसला. केशोराव सगळ्यांत मोठ्याने हसले. झाड कोणी फिरवून पाहिलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षात पानं पुन्हा गळाली. नंदा पोरीला घेऊन सासरी गेलेली, खोली रिकामी. केशोराव झाड घेऊन थेट आत.

"नंदाची माय, गोरसी आण."

"बाहेर राहू द्या जी त्याले. बाहेरच फुललं ना ते. आपल्या डोयानं पाह्यलं तुमी."

"तुले झाडातलं काय समजते? तुह्यापायी मागच्या साली शेक अर्धाच भेटला, म्हणून अर्धंच फुललं. औंदा पुरा देतो."

सुशिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. परसात जाऊन गोरसी काढली, भुसा दाबून दाबून भरला, वर दोन गोवऱ्या रचल्या आणि चुलीतले लालभडक निखारे घातले. आत आणून पाटाला टेकवून ठेवली. मागच्या साली जी बाजू वाचली होती, ती त्यांनी स्वतःच्या हाताने गोरसीकडे वळवली.

"असं चांगलं शेकंल," केशोराव खूश होऊन म्हणाले.

"हो जी," सुशिलाबाई म्हणाल्या. "सरा बाहेर, दार ओढून घेतो. वारं लागंल त्याले."