कसलंही भीतीचं कारण नाही

गोकुळदासाला कुठलाही कागद एका वाक्यात बसवायची खोड होती, आणि पांगरवाड्याच्या वस्तीला त्या खोडीचं भारी कौतुक. पंचायतीचं चार पानी पत्र असो की वीजखात्याचा हुकूम, हा चष्मा कपाळावर सरकवायचा नि म्हणायचा, "उद्या लाइट नाय. कंदील पुसून ठेवा." संपलं! साखळीच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत पोचलेला वाड्यातला हा एकटाच, त्यात जिभेला हाड नाही. वाचन व्हायचं त्याच्या पोसऱ्यात, म्हणजे दुकानात. वेळ सकाळची, पोदेर सायकलचा भोंपू वाजवत गरम उंडे, म्हणजे पाव, घेऊन यायचा ती. तेव्हा सगळा वाडा तिथंच असायचा.

त्या मंगळवारी पाऊस लागून नववा दिवस होता. आदल्या संध्याकाळी वाड्यालगतच्या खाणीच्या मुकादमानं दुकानासमोरच्या खांबावर एक नोटीस ठोकली होती. गोकुळदासानं ती वरून खाली एकदा बघितली.

"थोडक्यात सांग मरे," ट्रक ड्रायव्हर शांताराम ओरडला, "उंडे थंड होतत!"

"डंप घट्ट असा, कसलाच भय नाय. घेवा उंडे!"

लोक हसले, पाव घेऊन घरी गेले. डंप म्हणजे वाड्याच्या चौदा घरांच्या पाठीमागे उभा राहिलेला, खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर. वीस वर्षं ट्रक वर जाऊन माती ओतत होते. सकाळचं ऊन त्याच्यामुळे घरांवर नऊ वाजता यायचं.

गर्दी पांगल्यावर कमलाक्षीमावशी दुकानात आली. वाड्यातल्या अर्ध्या पोरांची सुईण, आणि अक्षरशत्रू. ओली छत्री दारात टेकवून ती म्हणाली, "गोकळ्या, कागद केवढो होतो?"

"हातभर."

"आणि तू सांगलंस वीतभर. उरलेल्यात काय होता?"

"खाणवाल्यांच्या घरची कामां गो. आपणाक काय करूची?"

"माका वाच. तेंची कामां ऐकूया."

म्हातारीची गंमत करावी म्हणून त्यानं खांबावरचा कागद काढून आणला आणि भटजीसारखा सूर लावला. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सततच्या पावसामुळे खबरदारी म्हणून डंपच्या पश्चिम पायथ्याची कामगार-शेड, डिझेलची टाकी व यंत्रसामग्री सोमवारपासून शाळेकडील माळावर हलविण्यात आली आहे. पश्चिम पायथ्याचा वाहतूक-रस्ता पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. डंप सुस्थितीत असून रहिवाशांना कसलेही भीतीचे कारण नाही."

"डंप घट्ट असा, तर टाकी कित्याक हलयली?"

"खबरदारी म्हणान."

"कोणाची खबरदारी?"

गोकुळदासानं ती ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली.

"हेच्या आदी कधी असो कागद इल्लो?" मावशीनं विचारलं. "डंप घट्ट असा म्हणान?"

"नाय. वीस वर्सांत एकदा पण नाय."

"मगे आजच कित्याक सांगतत? आणि पश्चिमेच्या पायथ्याक कोण रवता रे?"

"आपण," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

छत्री न घेताच तो घरांच्या मागे धावला. शेडच्या जागी चार खड्डे उरले होते. खांबसुद्धा उपटून नेले होते. राखणदाराची खाट गेली, कुत्रा गेला, कुत्र्याचं जेवणाचं भांडंही गेलं. आणि डंपच्या बुडाशी, जिथं कधी थेंब नव्हता, तिथून लाल पाणी बाहेर येत होतं. जोरात नाही. जखम वाहते तसं, गुपचूप. त्यानं त्या मातीवर हात ठेवला, तर कोपरापर्यंत हात आत गेला.

वाड्यात येऊन त्यानं घरोघर आरडाओरडा केला. "पळा! डंप येता!"

शांताराम दारात उभा राहून हसला. "सकाळी भय नाय, आता पळा? गोकळ्या, शिगम्याक माझ्या ट्रकाक साडी नेसयलंस तो तूच मरे! आज कोणाक नेसयतंस?"

बाकीचेही हसले. एका वाक्यात सांगितलेलं सकाळी सगळ्यांनी लगेच गिळलं होतं. आता एका वाक्यात सांगितलेलं कुणाच्याच घशाखाली उतरत नव्हतं. त्यानं भिजलेला कागद उघडला नि पहिल्या शब्दापासून वाचला. एक अक्षर गाळलं नाही. मग शांतारामाकडे वळला.

"काल तुझो ट्रक खयच्या वाटेन गेलो?"

"माळावरसून. खालचो रस्तो बंद मरे."

"कित्याक बंद?"

"मुकादम म्हणालो, माती वली असा, ट्रक अडकात."

"वल्या मातयेखाली ट्रक घालूक ते भितत," गोकुळदास म्हणाला, "आणि तुझी शेवंती थंय चुलीकडे बसलली चलता?"

शांतारामाच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं मागे वळून डंपकडे बघितलं, मग घरात हाक मारली, "शेवंते! चूल विझय. पोरग्याक उचल."

त्यानंतर कुणी कुणाला समजावत बसलं नाही. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, म्हशींची दावी कापली. गोकुळदासाची बायको मालती देव्हाऱ्यातल्या मूर्ती पदरात बांधून आली. दुपारी दोनपर्यंत सगळी चौदा घरं माळावरच्या शाळेत पोचली. खाणीची टाकी शेजारीच होती. बाजूला तिची हलवलेली शेड, आणि शेडमध्ये खाणीचे कामगार निवांत चहा पीत होते.

तीन वाजले. साडेतीन वाजले. शांताराम दोनदा म्हणाला, "खाली जावन म्हस बांधून येतंय." दोन्ही वेळा मावशीनं त्याचा शर्ट धरून ठेवला. गोकुळदासाला आता दोन भीती होत्या. डंप आला तर? आणि नाही आला तर उद्या तोंड कुठं लपवायचं?

चारच्या सुमाराला पाऊस थांबला. त्या शांततेत डंपचा माथा हळूच खाली बसला, थकलेला माणूस बसतो तसा. आवाज त्यानंतर आला. लाल चिखल नऊ घरांवरून पुढे गेला आणि शेतात पसरला. शेवंतीच्या चुलीची जागा कुठली, हे कुणाला सांगता आलं नसतं.

मालतीनं माणसं मोजली. सगळी होती. तरी तिनं परत मोजली.

"मावशे, तू इचारला नसतंस तर," गोकुळदास म्हणाला. मावशीनं त्याचा हात आपल्या मांडीवर दाबून धरला.

काळोख पडायच्या आत मुकादम आला. वर्गाच्या दारात उभा राहून त्यानं सांगितलं, जे यायचं होतं ते आलं, आता काळजी नको, हा माळ एकदम सुरक्षित आहे. तो पायऱ्या उतरला, तेव्हा सगळा पांगरवाडा उठून व्हरांड्यात आला आणि त्याची पावलं कुठल्या दिशेला वळतात ते बघत राहिला.