पंप बंद पडला तेव्हा

सुट्टीनंतर बाईंनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि त्या दारातच थबकल्या. बुडबुड्यांचा आवाज येत नव्हता. मध्येच कधीतरी वीज गेली असावी. ती परत आली, पण हवेचा पंप काही सुरू झाला नव्हता. टाकीच्या पाण्यात मुळं सोडून उभी असलेली रोपं माना टाकून होती. हंगामभराची मेहनत अक्षरशः पाण्यात गेली होती.

चिडायचंही त्राण नव्हतं, आणि मेलेल्या रोपांसाठी पंप लावण्यातही अर्थ नव्हता. स्टूल ओढून त्या बसल्या, एकेका रोपाच्या मुळाचं टोक कापून चमकणाऱ्या रंगात भिजवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

दुपारी त्यांचे यजमान डबा घेऊन आले. निवृत्तीनंतर बायकोला वेळेवर जेवायला घालणं हीच त्यांची नोकरी होती.

"गेली का गं सगळी?"

"बहुतेक."

"मग बघतेस काय?"

"कशी गेली ते."

त्यांनीही डोळा लावून पाहिलं. "मला तर अंधारच दिसतोय."

"तेच. हवा तुटली की पेशीत आम्ल साठतं, आणि आम्ल वाढलं की हा रंग विझत जातो. एरवी पेशी ते आम्ल उपसून आपल्याच मधोमध असलेल्या पाण्याच्या पिशवीत कोंडून ठेवते. पण उपसायला ताकद लागते हो. हवा नाही तर ती आणायची कुठून? शेवटी पिशवीच गळायला लागते."

"जेवून घे आधी."

"ही एवढी कोपऱ्यातली राहिलीत."

कोपऱ्यातल्या रोपांच्या मुळांपाशी बाई बराच वेळ थांबल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अहो, ही मंद झालीत, पण विझली नाहीत. आम्लता वाढता वाढता एका जागी थांबलीय."

"म्हणजे वाचली?"

"वाचली कसली! तग धरून आहेत."

"मग पंप लाव ना!"

बाईंचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. हवेवाचून ही मुळं कुठवर टिकतात, हेच शोधण्यात त्यांची वर्षं गेली होती. आणखी थोडं थांबलं तर ते आज डोळ्यांसमोर दिसलं असतं. यजमान हातातला डबा तसाच धरून उभे राहिले.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "कोण कधी संपतं ते आज नाही बघवायचं मला."

त्यांनी बटण दाबलं.

कोपऱ्यातल्याही बऱ्याच रोपांची मुळं पुढे कुजली. दोन रोपांना मात्र बुंध्यापाशी नवी पांढरी मुळं फुटली. तेवढ्यावर काही छापून येण्यासारखं नव्हतं. विभागप्रमुखांनी घरी फोन करून विचारलं, "आता प्रयोगाचं काय?"

"पहिल्यापासून करावा लागेल," बाई म्हणाल्या. "पण मी आधी झोपणार आहे. महिनाभर तरी मला फोन करू नका."

पलीकडून सर काहीतरी समजावत राहिले. बाईंनी फोन यजमानांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.