घडी घातलेला पेपर

काटेवाडीचे वसंतमास्तर बारामतीच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचे. संध्याकाळी सायकलवरून परतले, की पारावर बसून गावाला पेपर वाचून दाखवायचे. वाचता येणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मास्तर वाचतील तीच बातमी. या मानाची मास्तरांना चटक लागली होती आणि ती लपवण्याइतके ते हुशार नव्हते.

छप्पन सालच्या जानेवारीत त्यांनी वर्गातला धडाच पारावर आणला. "शंभर वर्षांपूर्वीचे इंग्लंडातले लॉर्ड फक्त आपल्या पक्षाचा पेपर वाचायचे. दुसऱ्या पक्षाचा घरात आला, तर विटाळ झाल्यासारखं करायचे!"

"मंग दुसऱ्या बाजूचं खरं त्यास्नी कळायचं कसं?" भाजीची पाटी घेऊन कडेला टेकलेल्या छबूबाईनं विचारलं.

"कळायचंच नाही!" मास्तर पोट धरून हसले.

मास्तर स्वतः सत्तेतल्या पक्षाचे. त्याच आठवड्यात मुंबईत लोक संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. पहिल्या पानावर मेलेल्यांचा आकडा होता, जखमींची नावं आत. आपल्याच सरकारचा गोळीबार चारचौघांत कोणत्या तोंडानं वाचायचा? मास्तरांनी आतलं पान न उघडताच पेपराची घडी घातली.

"मास्तर, मुंबईत काय गडबड न्हाय न्हवं?" छबूबाईनं विचारलं. तिचा सिद्धू तिथं गिरणीत होता.

"किरकोळ दगडफेक. बाकी सगळं शांत आहे."

सहाव्या दिवशी ती पोस्टकार्ड घेऊन पारावर आली. मास्तर मोठ्यानं वाचू लागले. "आई, माझ्या पायाला गोळी लागली. पेपरात नाव आलं होतं. ऐकून तू लगेच येशील म्हणून रोज दाराकडं बघत होतो." पुढची ओळ गाळावी, असं मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. "काल डाक्टरांनी पाय कापला."

छबूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग म्हणाली, "तुमच्या पेपरात आलं नसंल, मास्तर. तुमी तरी काय करनार?"

गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. पण मास्तरांना ती माया सोसेना. शरमेनं मान वर होत नव्हती.

"आलं असेल, छबूबाई. मी ते पान उघडलंच नाही. आणि गोळीबाराचं ठाऊक असून तुम्हाला खोटं सांगितलं."

छबूबाईनं त्यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं आणि आडावर पाणी शेंदणाऱ्या विमलकडं, शेजारच्या सातवी शिकलेल्या सुनेकडं गेली.

"पोरी, येवढं वाचून दाव. समदं वाच. काय गाळू नगंस."