परत न दिलेलं रक्त

“हात स्थिर ठेवा, काका. सुई हलते,” सिस्टर म्हणाल्या.

ह्यांनी सुई टोचलेला हात स्थिर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा तळवा चादरीवर घासायला सुरुवात केली. अगदी हळू, कुणाला दिसू नये अशा बेताने. मला दिसलं. संसारात एवढी वर्षं काढल्यावर नवऱ्याने लपवलेलं तेवढं आधी दिसतं.

“खाजतंय का?” मी विचारलं.

“नेहमीचंच गं.”

नेहमीचं होतं हे खरं. मूत्रपिंडं थकली की नको ते सगळं अंगात साठतं आणि कातडीतून बाहेर पडायला बघतं. डायलिसिसच्या त्या हॉलमध्ये खाज नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. शेजारच्या पलंगावर कंडक्टरकाका असायचे. नोकरी सुटून जमाना झाला तरी त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. ते म्हणायचे, “वहिनी, खाजेने इथला पास काढलाय. रोज येणार, फुकट येणार आणि वर खिडकीची जागा मागणार.” आम्ही हसायचो. हसून हसून खाज आम्हाला इतकी घरची वाटायला लागली होती की तिच्याकडे कुणी वळून बघत नसे.

त्यात आमचे हे म्हणजे वायरमन. सगळा जन्म खांबांवर गेला. झटका खाऊन घरी आले तरी आधी चहा मागणार. हाताला काळं कसलं झालंय विचारलं तर म्हणणार, “थोडं चावलं.” खरी हकिगत मला नेहमी दुसऱ्याच कुणाकडून कळायची. हॉस्पिटलातही तोच खाक्या. पाय वळले तरी गप्प, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी गप्प. सिस्टर सगळ्यांना सांगायच्या, “पेशंट असावा तर काकांसारखा.” त्या कौतुकाने हे फुलून जायचे आणि माझं डोकं फिरायचं. सोसणाऱ्याला शहाणं म्हणायची जगाची खोडच आहे, त्यात जगाचं काय जातं?

मशीनच्या अंगाला एक उभं नळकांडं असतं, त्याला तिथे फिल्टर म्हणतात. रक्त एका नळीने त्यात जातं, धुऊन निघतं आणि दुसऱ्या नळीने अंगात परत येतं. ह्यांच्या नेहमीच्या फिल्टरचा साठा हॉस्पिटलात संपला होता, म्हणून गेल्या आठवड्यापासून दुसऱ्या जातीचा लावत होते. त्यात वावगं काही नव्हतं. बाकी सगळ्यांना तो मानवला होता.

सिस्टरांनी बटण दाबलं. नळी पांढरी होती ती लाल होत गेली आणि मशीन घुमायला लागलं. मशीन सुरू झालं की घरच्यांनी बाहेर जायचं, असा तिथला नियम.

“काकू, आता बाहेर बसा.”

मी पिशवी उचलली, तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं.

आमच्या लग्नाच्या फोटोत आमच्या दोघांच्या मधे तिसरं माणूस उभं राहील एवढी जागा आहे. चारचौघांत बायकोचा हात धरणाऱ्यांतले हे नव्हेत.

“काय होतंय?”

ह्यांनी मान हलवली, काही नाही म्हणून. पण हात सोडला नाही. त्यांचा तळवा तव्यासारखा तापला होता. मी चेहऱ्याकडे नीट पाहिलं, तर वरचा ओठ सुजलेला आणि डोळ्यांखाली फुगलेलं.

“घशात... अडकल्यासारखं,” हे म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता.

“सिस्टर, इकडे या. हे बरे नाहीत.”

सिस्टर धावत आल्या. “काका, छाती आवळतेय का?”

हे गप्प.

“अहो, आत्ता तरी बोला,” मी ओरडले.

ह्यांनी मानेने हो म्हटलं.

मग सगळं एकदम झालं. सिस्टरांनी मशीन थांबवलं, दोन्ही नळ्यांना चिमटे लावले, डॉक्टरांना हाक मारायला कुणाला तरी पिटाळलं आणि पायजम्यावरूनच मांडीत इंजेक्शन दिलं. तोंडावर प्राणवायूचा मास्क आला. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. कंडक्टरकाका हातातल्या सुयांमुळे कुशीवर वळता येत नाही म्हणून नुसती मान पलीकडे वळवून पडले होते.

मला कुणी बाहेर काढलं नाही, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. सिस्टरांनी सुईपाशी नळ्या सोडवल्या आणि रक्ताने भरलेल्या नळ्या, भरलेला फिल्टर, सगळं एकत्र गुंडाळून त्या निघाल्या.

“हे कुठे नेताय?”

“टाकायला.”

एरवी डायलिसिस संपताना रक्ताचा थेंब न् थेंब अंगात परत देतात. लाल नळी गुलाबी होते, मग पाण्यासारखी होते. दाराच्या काचेतून मी दर खेपेला ते बघायचे आणि नळी पांढरी झाली की मगच माझा जीव भांड्यात पडायचा. ह्यांचं रक्त वाढावं म्हणून गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तरी ते मुंगीच्या पावलांनी चढायचं. आणि ही बाई ते टाकायला निघाली होती.

मी नळी धरली. “ते रक्त ह्यांचं आहे. परत द्या आधी.”

“काकू, सोडा.”

“अहो, पेलाभर आहे ते. असं कसं टाकता?”

“काकांना जे बाधलं ते त्याच रक्तात मिसळलंय. परत दिलं तर काका जातील.”

मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. नळी मुठीत गरम लागत होती. इकडे माणूस गार पडत चाललेला, आणि त्याची ऊब माझ्या मुठीत. मी सोडायला तयार नव्हते. सिस्टर माझ्या लेकीच्या वयाच्या, पण त्यांनीही आपलं टोक सोडलं नाही.

तेव्हा ह्यांनी मोकळा हात उचलला. तळवा जमिनीकडे करून आडवा फिरवला. खांबावरून खालच्या माणसाला हे अशी खूण करायचे. मेन बंद कर, असा तिचा अर्थ. तारेला माणूस चिकटला तर माणसाला ओढायचं नाही, आधी वीज तोडायची, हे त्यांनी जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं की मला त्याचा वीट आला होता.

मी मूठ उघडली.

दुपारपर्यंत श्वासातली शिट्टी थांबली. डॉक्टर म्हणाले की ह्यांचं शरीर त्या फिल्टरवर चिडलंय, उद्यापर्यंत वेगळा मागवू, तोवर पाणी अगदी कमी, घोट घोटच प्या. मग त्यांनी विचारलं, “आधी कधी असं काही जाणवलं होतं?”

“मागच्या खेपांना थोडं. हात चावायचे. थोड्या वेळाने जायचं,” हे म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तू सिस्टरना सांगितलं असतंस.”

“त्यासाठीच सांगायचं असतं.”

“त्यांनी मशीन थांबवलं असतं. जास्तीचं पाणी अंगात राहिलं असतं. मग आडवं झोपता येत नाही, आणि तू पाठीशी उशा लावत बसतेस.”

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. “उशा लावायचा मला कधी कंटाळा आला? एकदा तरी बोलून दाखवलं का मी? मला त्रास नको म्हणून आज मला विधवा करत होतात तुम्ही.”

कंडक्टरकाकांनी ऐकलं असणार. त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही, कारण मी अजून रागात होते.

दुसऱ्या दिवशी वेगळा फिल्टर आला. सिस्टरांनी तो सलाईनने धुतला, पुन्हा धुतला, उजेडाकडे धरून पाहिला. सुया टोचून झाल्या. ह्यांचे पाय सुजले होते आणि बोलताना धाप लागत होती, म्हणजे डायलिसिस टाळण्याजोगं नव्हतंच. माझ्याकडे बघून सिस्टर “बाहेर बसा” म्हणाल्या नाहीत. मशीनच्या बटणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “काका, सुरू करू? काही होतंय का?”

ह्यांनी फिल्टरकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे.

“भीती वाटते,” हे म्हणाले.

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी मान खाली घातली. माझ्याकडे बघून त्यांनी तो परत घेऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

सिस्टरांनी बोट बटणावरून काढलं. पलीकडचं स्टूल ओढून त्या पलंगाशी बसल्या.

“मग थांबू जरा,” त्या म्हणाल्या.

मशीन तयार होतं, नळ्या पांढऱ्या होत्या, आणि आम्ही तिघं बसून राहिलो.